जात काय लिहू?

आमच्या इमारतीची लिफ्ट १२व्या मजल्यावरून खाली यायला साधारण ४० सेकंद घेते. सोबत खारी असेल तर तेवढ्या वेळात तिच्या खानदानाबद्दल निदान एक तरी अंदाज ऐकायला मिळतो. "लॅब ना?" "छे, तोंड बघा की, बीगल मिक्स आहे." "मला तर इंडीच वाटते, पण कान कसे पडलेत?" एकदा एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून तिला नीट न्याहाळलं आणि "हिच्यात हाउंड आहे" असा निकाल दिला. कुठला हाउंड, असं मी विचारलं तर म्हणाले, "आहे काहीतरी." या सगळ्या चर्चेत खारीला काडीचा रस नसतो. ती दाराच्या फटीकडे बघत उभी असते. तळमजल्यावर तिला कचऱ्याच्या डब्यांचा वास घ्यायचा असतो.

तिचं नाव कोणाला सुचत नाही, आवड कोणी विचारत नाही, चावते का हेही दुसऱ्या नंबरला येतं. पहिला प्रश्न ब्रीड. बरं, विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. आपण फक्त हो म्हणायचं असतं. बरीच वर्षं मी हो म्हणत आले. त्या "हो"बद्दलच हा लेख आहे.

२०२१च्या पावसाळ्यात सोसायटीच्या मागच्या अर्धवट बांधकामात एका कुत्रीने पाच पिल्लं घातली. पाचातली दोन जगली. एकीचा रंग इराण्याच्या बेकरीतल्या खारीसारखा, कान खाली पडलेले, शेपूट सरळ. दुसरी तशीच खारीच्या रंगाची, पण तोंड काळपट, कान उभे, शेपटीला वळण. पहिली मी वर आणली. दुसरी गेटवरच्या वॉचमनमामांकडे राहिली. त्यांनी तिचं नाव राणी ठेवलं. मी तेव्हा भाड्याने राहत होते (अजूनही राहते). घरमालकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पाळा, पण गावठी नको, सोसायटीत बोंब होते." सोसायटीच्या फॉर्मवर एक रकाना होता : प्राण्याची जात. मी लिहिलं, "लॅब मिक्स". दोन शब्द. कोणी शंका घेतली नाही, कारण कान पडलेले होते.

डॉक्टरांच्या लसीच्या पुस्तकातही तसंच लिहून घेतलं, कारण सोसायटीला त्याची झेरॉक्स द्यायची होती. डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "मी सहसा एन.डी. लिहिते." एन.डी. म्हणजे नॉन-डिस्क्रिप्ट, म्हणजे ज्याचं वर्णन करता येत नाही असं. पशुवैद्यकातला हा रोजचा शब्द आहे. ठराविक जातीत न बसणाऱ्या गाईगुरांनाही तोच लावतात. मला गंमत वाटली. खारीचं वर्णन तर कोणीही करेल. डाव्या पुढच्या पायावर पांढरा मोजा आहे, फटाक्यांना घाबरून न्हाणीघरात जाऊन बसते, प्रेशर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठून स्वयंपाकघरात येते. वर्णन करता येत नव्हतं ते फक्त तिच्या बापाचं.

खोटं बोलल्याची टोचणी होती, म्हणून म्हणा किंवा इंजिनियरची खोड म्हणून, मी पुढे या विषयावरचं मिळेल ते वाचत गेले. पहिली गोष्ट कळली ती अशी की, पडलेल्या कानांवरून लॅब ओळखणं म्हणजे डोळे घारे दिसले की माणूस कुठला ते ठरवणं. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांवर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. त्यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला. बसेंजी म्हणजे उभ्या कानांचा, आखूड केसांचा, शेपटीची गुंडाळी असलेला. कॉकर म्हणजे लांब कानांचा झुबकेदार. पहिल्या पिढीची पिल्लं यातल्या कोणासारखीच धड दिसेनात. त्या पिल्लांची पुढची पिल्लं तर एकमेकांपासूनही बरीच वेगळी निघाली. त्यांचे फोटो दाखवून आजा-आजी कोण असं विचारलं, तर लिफ्टमधल्या आजोबांसारखं "आहे काहीतरी" हेच सगळ्यात प्रामाणिक उत्तर ठरेल.

याचं कारण पुढे जनुकशास्त्राने दिलं. कुत्र्याच्या अंगात सुमारे २०,००० जनुकं असतात, पण आपण ज्यावरून जात ओळखतो ती लक्षणं त्यातल्या फार थोड्यांच्या हातात आहेत. २००९ साली असं दाखवलं गेलं की, जातिवंत कुत्र्यांच्या केसांतलं बरंचसं वैविध्य म्हणजे लांब की आखूड, सरळ की कुरळे, मिशा-भुवया आहेत की नाहीत, हे फक्त तीन जनुकांच्या फेरफारातून येतं. डॅशहुंडचे आखूड पाय एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे होतात. म्हणजे एखाद्या कुत्र्यात अर्धा लॅब्रॅडॉर असूनही तो दिसायला कुठेच नसेल, आणि दुसऱ्यात लॅबचा थेंबही नसताना कान तेवढे लॅबसारखे पडलेले असतील. त्यातून कुत्र्यांमध्ये एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. खारी आणि राणी एका आईच्या, एका दिवशीच्या. पण बाप एकच होता का, हे त्यांची आईसुद्धा सांगू शकली नसती.

माणसांच्या अंदाजांचीही परीक्षा झालेली आहे. व्हिक्टोरिया व्हॉइथ या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी २००९ साली दत्तक दिलेली २० संमिश्र कुत्री घेऊन, दत्तक देणाऱ्या संस्थांनी सांगितलेली जात आणि डीएनए चाचणीतली जात ताडून पाहिली. मेळ फारच थोडा निघाला. मग २०१३ साली त्यांनी अशाच २० कुत्र्यांच्या छोट्या चित्रफिती कुत्र्यांशी संबंधित काम करणाऱ्या ९००हून अधिक लोकांना दाखवल्या. हे पशुवैद्य होते, प्रशिक्षक होते. लिफ्टमधले काका नव्हते. तरी २०पैकी १४ कुत्र्यांच्या बाबतीत निम्म्याहून कमी लोकांचं उत्तर डीएनएशी जुळलं. मला खरी गोम वाटली ती पुढची. प्रमुख जात कोणती यावर निम्म्याहून अधिक लोकांचं एकमत झालं असे कुत्रे होते फक्त सात. आणि त्या सातातल्या तिघांमध्ये, सगळ्यांनी मिळून सांगितलेली जात डीएनएत मुळात सापडलीच नाही. सगळे एकच म्हणताहेत म्हणून खरं असेल, ही सोयही गेली.

माझं पोट ज्यावर चालतं त्या क्षेत्रात ही गोष्ट रोज दिसते. फोटो ओळखणारी प्रणाली शिकवताना आम्ही तिला वर्गांची एक यादी देतो. कुत्र्यांच्या बाबतीत प्रसिद्ध यादी स्टॅनफर्डची : १२० वर्ग, २०,५८० फोटो. त्या १२०मध्ये बसेंजी आहे, ऑस्ट्रेलियाचा डिंगो आहे, आपल्या जंगलातला कोळसुंदासुद्धा आहे. कुत्रा म्हणून जो आपल्याला सगळ्यात आधी दिसतो, आपल्या गल्लीतला, तो नाही. आता अशा प्रणालीला खारीचा फोटो दाखवा. ती गप्प बसत नाही. तिची रचनाच अशी असते की दिलेल्या वर्गांमध्ये मिळून शंभर टक्के वाटून टाकायचे. मी एका रविवारी हा उद्योग केला. खारीला मिळाले : बसेंजी ४१, डिंगो २२, लॅब्रॅडॉर ९, उरलेले चिल्लर. "माहीत नाही" याला एकही टक्का नाही, कारण तो वर्गच यादीत नाही. गेटवर जाऊन राणीचा फोटो काढला. ती डिंगो निघाली. वॉचमनमामांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, ते काय आजार आहे का?"

लिफ्टमधला माणूस याहून फार वेगळं काही करत नाही. त्याच्याजवळही एक बंद यादी असते, फक्त १२०ऐवजी सहा-सातची, आणि ती काळानुसार बदलते. माझ्या लहानपणी पांढरं, झुबकेदार काहीही दिसलं की ते पामेरियन असे. खरं तर त्यातले बहुतेक सगळे इंडियन स्पिट्झ. मोठं, काळं-तपकिरी, उभ्या कानांचं ते अल्सेशियन. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्द सोसेना म्हणून जर्मन शेफर्डला अल्सेशियन म्हणायला लागले, आणि तिकडच्या केनेल क्लबने जुनं नाव परत दिलं ते १९७७ साली. आमच्या बाबांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. मग एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग आणला. अलीकडे देशाभिमानाला भरती आल्यापासून, रस्त्यावरचं कुठलंही बारकं, लांब पायांचं कुत्रं मुधोळ मिक्स किंवा कारवान मिक्स झालं आहे. कुत्रं तेच असतं. यादी तेवढी नवी.

पण चूक नुसती उत्तरात असती तर डीएनए चाचणीने ती मिटली असती. मला हळूहळू असं वाटायला लागलं की चूक प्रश्नातच आहे. "ही कशाची मिक्स आहे?" या प्रश्नात असं गृहीत असतं की आधी शुद्ध जाती होत्या, मग कुणीतरी हलगर्जीपणा केला आणि त्यातून खारी झाली. इतिहास नेमका उलटा आहे. इंग्लंडचा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली. वंशावळ्या लिहिणं, नमुने ठरवणं, बंद गटातच पैदास करणं हे सगळं प्रामुख्याने गेल्या दीडेकशे वर्षांतलं. खुद्द लॅब्रॅडॉर घ्या. तो लॅब्रॅडॉरचा नाहीच, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून आला. त्या कुत्र्यांना इंग्लंडच्या जमीनदारांनी नेलं, निवडून वाढवलं, आणि १९०३ साली केनेल क्लबने त्याला जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे आपण ज्याला शुद्ध म्हणतो तो कोळीवाड्यातल्या गावठी कुत्र्याचा, नावाची चूक झालेला, नातू आहे.

उलट गावातली कुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात ३८ देशांतल्या ५४९ गावकुत्र्यांचे नमुने तपासले होते. आशियातल्या गावकुत्र्यांमधलं जनुकीय वैविध्य पाहून संशोधकांनी कुत्र्याचं मूळ मध्य आशियाच्या आसपास असावं असं मांडलं. मुळावर वाद आहेत, असू देत. मुद्दा असा की खारी ही पाच जातींचा शिल्लक काला नाही. ती बहुधा त्या जुन्या, कोणी न निवडलेल्या, आपापल्या मर्जीने वाढलेल्या कुत्र्यांतली. बहुधा म्हणते, कारण पुण्यात लोक हौसेने लॅब आणतात आणि बदली झाली की हायवेवर सोडतात. तेव्हा पाचातला एखादा बाप तसाही असेल.

या जुन्या कुत्र्यांना इंग्रजीत नाव पडलं ते पारिया डॉग. पारिया हा शब्द तमिळ परैयर या समाजाच्या नावावरून आला, आणि ते नाव परै या वाद्यावरून. वाजवणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवलं आणि त्यांचं नाव कुत्र्याला दिलं. मराठीत आपण गावठी म्हणतो. हा शब्दही मजेचा आहे. गावठी अंडी दुप्पट भावाने घेतो, गावठी कोंबडी असली की पाहुण्यांना आवर्जून सांगतो, आणि तोच शब्द कुत्र्याला लावला की घरमालक फोन ठेवतात. आणि ब्रीडला आपला शब्द कोणता? जात. मी फॉर्म भरला तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, असं म्हणाले तर ते खोटं होईल.

अंदाज चुकला तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. ४० सेकंदांची करमणूक आहे. पण जिथे अंदाजावर काही ठरतं तिथे बघा. ब्रिटनच्या १९९१च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात पिट बुल वगैरे चार प्रकारांवर बंदी आली. प्रकार हा शब्द मुद्दाम आहे. आई-बाप कोण हे महत्त्वाचं नाही, दिसतो कसा हे महत्त्वाचं. सरकारी बाजूने कुत्रा त्या प्रकारचा आहे असं म्हटलं की तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. मग पोलीस टेप घेऊन डोकं, छाती, पाय मोजतात. बेलफास्टमध्ये लेनॉक्स नावाच्या कुत्र्याला असंच दिसण्यावरून २०१० साली ताब्यात घेतलं, दोन वर्षं खटला चालला, आणि जुलै २०१२मध्ये त्याला मारलं. आपल्याकडे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची विक्री, पैदास थांबवायला सांगितलं. त्यात या जातींचे संकरही धरले होते. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, संबंधितांशी चर्चा केली नाही म्हणून. पण तोपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या विंगमधल्या एका रुंद तोंडाच्या, म्हाताऱ्या, अर्ध्या आंधळ्या कुत्र्याचा फोटो फिरला होता : "हा पिट बुल आहे का? कोणी कन्फर्म करेल का?" सतरा जणांनी कन्फर्म केलं.

त्याच उन्हाळ्यात राणीचं झालं. एका डिलिव्हरीच्या मुलाला कुत्रं चावलं. कोणतं, ते त्याला सांगता येईना. खारीच्या रंगाचं होतं एवढंच तो म्हणाला. मीटिंग बोलावली. गेटवरची गावठी कुत्री हलवायची, असा सूर लागला. मी उठून म्हणाले की नसबंदी करून, लस देऊन कुत्री परत त्याच जागी सोडायची असा नियम आहे, २०२३च्या नियमांतही तेच आहे, उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. सेक्रेटरीकाका वाईट माणूस नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, तुझ्या खारीबद्दल कोण बोलतंय? ती लॅब आहे, शहाणी आहे. ही गावठी वेगळी. यांच्या रक्तातच असतं."

तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. काका, त्या सख्ख्या बहिणी आहेत. ते मी बोलले नाही. बोलले असते तर फॉर्म खोटा ठरला असता, घरमालकांना फोन गेला असता, आणि त्या खारीच्या रंगाच्या कुत्र्यांमध्ये माझीही एक आहे, हे चाळीस माणसांच्या लक्षात आलं असतं. मी खाली बसले. चार दिवसांनी पहाटे एक गाडी आली. कोणी बोलावली, पैसे कोणी दिले, हे ग्रुपवर कधी आलं नाही. वॉचमनमामा रात्रपाळी संपवून झोपले होते. ते नंतर दोन रविवार सायकलवरून नदीकाठाने हाका मारत फिरले. एक रविवार मीही गेले. राणी सापडली नाही.

पुढे एक अभ्यास वाचला तेव्हा तो पुरता संपवता आला नाही. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेतल्या निवाऱ्यांमधल्या कुत्र्यांची नोंद पाहिली. दिसायला जवळजवळ सारखे कुत्रे. काहींच्या पाटीवर पिट बुल लिहिलेलं, काहींच्या पाटीवर दुसरं काही. पिट बुल पाटीच्या कुत्र्यांना घर मिळायला तिपटीहून जास्त वेळ लागला. कुत्रे तसेच, पाटी वेगळी. हे मला शास्त्रज्ञांनी सांगायला नको होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला बरं वाटत नाही. माणसाची कुत्र्याशी तुलना हा आपल्याकडे साधा अलंकार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीही जनावरं पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. तेव्हा तुलना करत नाही. माझ्या गप्प बसण्याचा सराव कुठला, एवढंच सांगते. माझ्या आजोबांचं मूळ आडनाव असं होतं की ते ऐकल्यावर आमच्या भागात कोणाला दुसरा प्रश्न विचारावा लागत नसे. शाळेत घालताना गुरुजींनी ते बदलून गावाच्या नावाला "कर" लावला. भल्यासाठीच केलं त्यांनी. ते आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर इथपर्यंत वाचलेला लेख तुम्ही मनात पुन्हा वेगळा वाचाल. कॉलेजात, ऑफिसात लोक त्या "कर"वरून, माझ्या बोलण्यावरून, रंगावरून अंदाज बांधतात आणि बहुतेक वेळा चुकतात. चुकले की माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात, कोणाला कशामुळे ॲडमिशन मिळाली, कोणाचं कोडिंग कशामुळे कच्चं. एकदा टीममधल्या एकीला कळलं तेव्हा ती मनापासून म्हणाली, "अगं, तू वाटत नाहीस." तिला ते कौतुक वाटत होतं. मला तिचा राग आला नाही. मी दोन वर्षं त्या न वाटण्याचं भाडं खात होते.

म्हणून चुकीचा अंदाज आणि खोटं यांच्यातली रेघ मला आता पूर्वीइतकी ठळक दिसत नाही. समोरच्याने चुकीचा अंदाज बांधला आणि मी नुसती मान हलवली, तर खोटं कोण बोललं? खारीला वाचवायला मी तिला वरच्या यादीत सरकवलं. त्याने यादी मोडली नाही, उलट पक्की झाली. लॅबसारखी शहाणी, असं खारीबद्दल कोणी म्हणालं की दरवेळी त्याच वाक्याच्या पोटात राणीबद्दलही काही म्हटलेलं असे. पण मग काय करायला हवं होतं? फॉर्मवर गावठी लिहिलं असतं तर खारी त्या पहिल्या पावसाळ्यातच बांधकामावर राहिली असती, आणि पाचातली तिसरी किंवा चौथी झाली असती. मी तत्त्वाला जागले असते आणि पिल्लू मेलं असतं. हे गणित मी बऱ्याच रात्री मांडलं आहे. ते सुटत नाही.

डॉक्टर बाईंशी यावर एकदा बोलणं झालं. म्हणाल्या, "अंदाज सगळेच टाकाऊ नसतात गं. समोर कोली किंवा कोलीसारखं काही आलं, तर मी आयव्हरमेक्टिन देताना दहादा विचार करते." बरोबर आहे. कोलींमध्ये एका जनुकातला बिघाड बऱ्याच प्रमाणात असतो, आणि त्यामुळे ते औषध जास्त मात्रेत त्यांच्या मेंदूला बाधू शकतं. तिथे चुकीचा का होईना, पण अंदाज बांधणं हेच काळजीचं लक्षण. स्वभावाबद्दलही जातीला काहीच अर्थ नाही असं नाही. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात १८,०००हून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते, २,०००हून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं निघालं. नऊ म्हणजे शून्य नव्हे. सांगितलेलं ऐकण्याच्या बाबतीत जातीचा भाग त्याहून जास्त, चिडण्याच्या बाबतीत फारच थोडा. पण कोणी लिफ्टमध्ये कुत्र्याकडे बघून "हिच्याबद्दल मला नऊ टक्के माहीत आहे" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

हल्ली कोणी विचारलं की मी "माहीत नाही" म्हणते. सोपं वाटतं, पण लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं. एक बाई म्हणाल्या, "असं कसं माहीत नाही? तुमचीच आहे ना?" एकांनी डीएनए टेस्टची लिंक पाठवली. मी ती केलेली नाही. भीती कशाची आहे ते नीट सांगता येत नाही. लॅब निघाली तर मी खोटं बोलले नव्हते असं ठरेल, आणि मला ते ठरायला नको आहे.

गेल्या महिन्यात खारीचं लसीचं जुनं पुस्तक भरलं. नवीन घ्यायला गेले तेव्हा डॉक्टर आत एका मांजराला सलाइन लावत होत्या. बाहेर नवा कंपाउंडर होता, कोवळा मुलगा. त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, मादी लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "जात काय लिहू, मॅडम?"

म्हटलं, "माहीत नाही. खारीचा रंग, पडलेले कान, डाव्या पायावर पांढरा मोजा, असं लिहा."

"रंगाचा रकाना खाली आहे." त्याने टेबलावरून वाकून तिच्याकडे बघितलं. खारी त्याच्या चपलेचा वास घेत होती. तेवढ्यात आतून हाक आली, मी तिला उचलून आत गेले, टोचून घेतलं, पैसे दिले, पुस्तक पिशवीत टाकलं.

घरी येऊन उघडलं. सुरेख, गोल अक्षरात त्याने आपणहून लिहिलं होतं, लॅब क्रॉस. शाईपेन होतं, खोडलं तर दिसेल. जानेवारीत सोसायटीला याचीच झेरॉक्स द्यायची आहे.